मुक्या जनावरांचा विचार करून मतदान: सीमाभागातील मतदारांनी या चुका टाळाव्यात

कर्नाटक विधानसभेसाठी गेले मतदान १० मे २०२३ रोजी झाले आणि मध्येच काही उलथापालथ झाली नाही, तर पुढचे २०२८ च्या उन्हाळ्यात होईल. बेळगाव जिल्ह्यात विधानसभेचे अठरा मतदारसंघ आहेत. बेंगळुरू शहर सोडले, तर दुसरा कोणताही जिल्हा इतके आमदार पाठवत नाही. या अठरांपैकी बऱ्याच मतदारसंघांत मराठी मत निकालावर परिणाम करते आणि ते बहुतेक वेळा भाषा, जात, ऊसदर, पाणी आणि रस्ते यांवर ठरते. जनावरांच्या हालअपेष्टा मनाला लागतात म्हणून उमेदवाराला त्याविषयी विचारणारे मतदार थोडे आहेत, पण आता ते प्रत्येक गावात सापडतात. त्यांची कळकळ खरी असते. अडचण अशी की त्यांचे प्रश्न अनेकदा चुकीच्या सरकारला, चुकीच्या कायद्याविषयी आणि चुकीच्या वेळी विचारले जातात, त्यामुळे उमेदवार हसून मान डोलावतो आणि विषय तिथेच संपतो. कोणत्या पक्षाला मत द्यावे हे येथे सांगायचे नाही. प्रश्न नेमका कसा विचारावा आणि त्यात कोठे चूक होते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

कोल्हापूरचा कायदा बेळगावात लागू धरणे

सीमाभागातील मराठी घरात वर्तमानपत्र मराठी असते, वृत्तवाहिनी मुंबईची असते आणि सोयरे चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलचे असतात. त्यामुळे जनावरांविषयी महाराष्ट्र सरकारने घेतलेला प्रत्येक निर्णय आपल्या कानावर येतो. ज्या सरकारला आपण मत देतो त्याचा निर्णय मात्र कोणाची तरी गाडी नाक्यावर अडल्यानंतरच समजतो. बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीतून निघतात.

गोहत्याबंदीचेच पाहा. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, पण म्हैसवर्ग त्या बंदीबाहेर राहिला. कर्नाटकात १९६४ चा जुना कायदा जाऊन डिसेंबर २०२० मध्ये विधानसभेने नवा कायदा मंजूर केला आणि २०२१ च्या सुरुवातीला तो अध्यादेशाच्या मार्गाने अमलात आला. त्यात गाय, वासरू, वळू आणि बैल यांच्या कत्तलीवर सरसकट बंदी आहे, शिवाय तेरा वर्षांखालील म्हैस आणि रेडाही बंदीत येतो. शिक्षा तीन ते सात वर्षांची आणि दंड पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत आहे. जनावरांच्या वाहतुकीवरही निर्बंध आहेत. म्हणजे कोगनोळी नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे राहणाऱ्या दोन सख्ख्या भावांच्या गोठ्यातील आठ वर्षांच्या भाकड म्हशीचे भवितव्य दोन वेगवेगळ्या कायद्यांनी ठरते. गोव्यात जाणारे गोमांस बऱ्याच अंशी बेळगाव भागातून जात असल्यामुळे या कायद्याचे पडसाद तेथेही उमटले. ज्याला हा फरक ठाऊक नाही, तो मतदार कायद्याच्या बाजूचा असो वा विरोधातला, उमेदवाराशी निराळ्याच राज्याविषयी बोलत राहतो.

शर्यतींचेही तसेच झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यती थांबवल्या. त्यानंतर कर्नाटकाने प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली आणि २०१८ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळवली. महाराष्ट्राची दुरुस्ती मात्र न्यायालयीन वादात अडकून पडली होती आणि तेथे शर्यतींना वाट मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. तेव्हा ‘शर्यती आम्ही सुरू केल्या’ असे मुंबईत कोणी म्हटले, तर ते श्रेय चिक्कोडीतल्या उमेदवाराच्या खात्यावर जमा करण्याचे कारण नाही, आणि शर्यतींना विरोध असणाऱ्याने त्याचा राग येथील उमेदवारावर काढण्याचेही नाही. येथील उमेदवाराला कर्नाटकाच्या दुरुस्तीतील अटींविषयी विचारावे.

‘ते आमचे काम नाही’ या उत्तरावर गप्प बसणे

जनावरांचा विषय काढला की उमेदवार तीनपैकी एक उत्तर देतो: हे केंद्राचे आहे, हे महापालिकेचे आहे, नाहीतर हे अधिकाऱ्यांचे आहे. प्रत्येक उत्तरात अर्धे सत्य असते, म्हणूनच मतदार गप्प बसतो. उरलेले अर्धे त्याला माहीत असायला हवे.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात पशुधनाचे जतन व सुधारणा, जनावरांच्या रोगांचा प्रतिबंध, पशुवैद्यकीय शिक्षण आणि व्यवसाय हे विषय राज्यसूचीत आहेत. कोंडवाडेही राज्याकडेच आहेत. क्रूरतेला प्रतिबंध आणि वन्य प्राणी व पक्ष्यांचे संरक्षण हे विषय समवर्ती सूचीत येतात, म्हणजे त्यांवर केंद्राइतकाच राज्यालाही कायदा करता येतो. केंद्राचा कायदा आधीपासून असेल, तर राज्याच्या वेगळ्या तरतुदीला राष्ट्रपतींची संमती लागते, इतकेच.

आता या ‘इतकेच’ची किंमत पाहा. १९६० च्या कायद्याप्रमाणे जनावराला बेदम मारणाऱ्याला, उपाशी कोंडणाऱ्याला किंवा जखमी असताना कामाला जुंपणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून अधिक काळ तो आकडा हललेला नाही. केंद्राने २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. येथे उमेदवार म्हणतो, ‘बघा, केंद्राचेच काम आहे.’ त्याला शांतपणे सांगावे की ज्या राज्याने शर्यतींसाठी याच केंद्रीय कायद्यात दुरुस्ती करून दिल्लीहून संमती आणली, त्या राज्याला दंड वाढवण्यासाठीही तोच रस्ता मोकळा आहे. शर्यतीसाठी सभागृहात सर्व बाजूंचे लोक एकत्र येतात. पन्नास रुपयांचा दंड पाच हजार करण्यासाठी आपण विधेयक मांडण्याची मागणी कराल का, हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या उमेदवाराला विचारता येतो आणि त्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी एकच असू शकते.

महापालिकेचे काम आहे हे उत्तर भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत बरेचसे खरे आहे, त्याविषयी पुढे येईल. अधिकाऱ्यांचे काम आहे असे उत्तर मिळाले, तर त्या अधिकाऱ्याची जागा भरलेली आहे का, एवढे विचारावे.

खानापूरच्या मतदारांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. खानापूर आणि कित्तूर हे विधानसभा मतदारसंघ बेळगाव जिल्ह्यात असले, तरी लोकसभेसाठी ते उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतात. केंद्रीय कायद्यातील सुधारणेचे निवेदन बेळगावच्या खासदाराला देऊन आलेली मंडळी खानापुरात कमी नसतील. त्यांचा खासदार कारवारच्या बाजूचा मतदारसंघ सांभाळतो.

एका कायद्यावरून साऱ्या उमेदवाराचे मोजमाप

गोहत्याबंदीला उमेदवाराचा पाठिंबा आहे की विरोध, एवढ्यावर प्राणीप्रेमाचा निकाल लावणे ही सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी उपयोगाची रीत आहे. २०२० चे विधेयक मांडणारे तेव्हाचे पशुसंगोपन मंत्री प्रभू चव्हाण हे बिदर जिल्ह्यातील औरादचे आमदार होते. २०२३ नंतर वनखाते सांभाळणारे ईश्वर खंड्रे हे त्याच जिल्ह्यातील भालकीचे. जनावरे आणि जंगल या दोन्ही खात्यांचे मंत्री लागोपाठ सीमाभागातून आले, आणि बिदरलाच पशुवैद्यकीय विद्यापीठही आहे. तरीही आपल्या गावच्या सभेत यांपैकी कोणाच्या कामाचा हिशेब मागितला गेला असेल, तर तो अपवादच.

कायद्याला पाठिंबा देणाऱ्या उमेदवाराला असे विचारावे: कत्तल थांबली, पण भाकड गाय आणि थकलेला बैल शेतकऱ्याच्या दावणीला राहिला. त्याच्या वैरणीचा खर्च कोणी करायचा? मतदारसंघात किती गोशाळा आहेत, त्यांतील किती सरकारी आहेत आणि त्यांना वर्षाकाठी प्रत्यक्षात किती रक्कम पोचते? गोशाळेतील जनावरे दत्तक घेण्यासाठी राज्याने २०२२ मध्ये ‘पुण्यकोटी दत्तु’ नावाची योजना सुरू केली, तिच्यातून आपल्या तालुक्याला काय मिळाले? कायद्याला विरोध करणाऱ्या उमेदवाराला वेगळे विचारावे: कायदा बदलला, तर वाहतुकीत होणारे हाल कसे थांबवणार? मोटार वाहन नियमांप्रमाणे ट्रकमध्ये प्रत्येक मोठ्या जनावरासाठी दोन चौरस मीटर जागा आणि मध्ये कप्पे असायला हवेत. ते तपासणारा माणूस नाक्यावर आहे का? आपल्याला कायदा आवडत असो वा नसो, दोन्ही बाजूंच्या उमेदवारांकडून काढून घ्यायची माहिती याहून वेगळी नाही. मात्र गाईचे नाव घेऊन धर्माच्या आधारावर मत मागितले जात असेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे तो भ्रष्ट आचार ठरू शकतो, हेही लक्षात ठेवावे.

या गदारोळात ज्यांचा कोणी उल्लेखच करत नाही अशी जनावरे उरतात. दूध काढायचे म्हणून रेडकू उपाशी ठेवले जाते. पावसाळ्यात धनगराची मेंढरे रोगाने पटापट दगावतात. गाढवे आणि घोडी तर कोणाच्याच हिशेबात नसतात. त्यांच्याविषयी एक तरी प्रश्न विचारावा.

इमारत मोजणे, डॉक्टर न मोजणे

निवडणुकीच्या आधी गुरांच्या दवाखान्याच्या नव्या इमारतीचे उद्घाटन होते, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. मतदार ती इमारत पाहून उमेदवाराच्या बाजूने एक गुण देतो. गुण द्यायचाच असेल, तर तो दारावरच्या कुलपाची चौकशी केल्यानंतर द्यावा. दवाखान्यासाठी मंजूर जागा किती, भरलेल्या किती, पशुवैद्यकीय अधिकारी एकाच दवाखान्यात बसतो की तीन दवाखान्यांचा भार त्याच्याकडे आहे, रात्री म्हैस अडली तर कोण येते, हे चार प्रश्न इमारतीपेक्षा महत्त्वाचे आहेत. ही माहिती पशुसंगोपन खात्याच्या तालुका कार्यालयातून माहिती हक्काच्या अर्जाने मागता येते. उत्तर कन्नडमध्ये येईल, पण आकडे सर्वांना वाचता येतात. हे काम निवडणूक जाहीर होण्याच्या पुष्कळ आधी करावे, कारण आचारसंहिता लागली की कार्यालयातील सर्वच माणसे निवडणुकीच्या कामाला जुंपलेली असतात.

१९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय वाहनाचा दूरध्वनी क्रमांक आहे. तो सर्वांना ठाऊक असावा आणि तो लावून पाहिलेला असावा. ‘आम्ही गावोगावी पशुरुग्णवाहिका दिली’ असे सांगणाऱ्या उमेदवाराला ती वाहिका आपल्या गावात शेवटची कधी आली, हे गावकऱ्यांनीच सांगावे.

लसीकरणाविषयीचा प्रश्न तर दर निवडणुकीत विचारायला हवा. २०२२ मध्ये लम्पी आजाराने सीमेच्या दोन्ही बाजूंचे गोठे रिकामे केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये भुतरामहट्टीच्या कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात थोड्याच दिवसांत तीसच्या आसपास काळविटे मेली आणि घटसर्पाच्या जिवाणूकडे बोट दाखवले गेले. घटसर्पाची लस पावसाळ्यापूर्वी गाईम्हशींना देण्याची पद्धत जुनी आहे. प्राणिसंग्रहालय राज्याच्या अखत्यारीत येते, म्हणून ‘तो वन्यप्राण्यांचा विषय, गुरांचा नव्हे’ ही विभागणी उमेदवाराच्या तोंडी शोभत नाही.

चिक्कोडी, अथणी, रायबाग, निपाणी या भागांतील मतदारांनी पुराविषयी वेगळे विचारावे. कृष्णा, दूधगंगा आणि वेदगंगा यांना २०१९ मध्ये आलेला पूर अजून कोणी विसरलेले नाही. पाणी अंगणात आले तरी माणसे घर सोडत नाहीत, कारण दावणीला जनावरे असतात. आपत्ती निवारण निधीच्या निकषांप्रमाणे दुभत्या गाई-म्हशीच्या मृत्यूसाठी ३७,५०० रुपये, बैलासाठी ३२,००० रुपये आणि शेळी-मेंढीसाठी ४,००० रुपये अशी मदत ठरलेली आहे, आणि तीही एका कुटुंबाला मर्यादित संख्येपुरतीच मिळते. राज्याने आपल्या तिजोरीतून त्यात भर घालायला कोणतीही आडकाठी नाही. पण मेलेल्या जनावराच्या भरपाईपेक्षा जिवंत जनावरासाठी उंचावरील छावणी, वैरणीचा साठा आणि जनावरे नेणारी वाहने आधीपासून ठरलेली असणे अधिक मोलाचे आहे. उमेदवार भरपाईच्या रकमेवर बोलायला लगेच तयार होतो, छावणीच्या जागेवर नव्हे. त्याला जागेवर आणावे: सर्व्हे नंबर कोणता, रस्ता आहे का, पाणी आहे का?

साखर कारखान्याच्या अंगणातील बैल न दिसणे

येथे थोडे सविस्तर बोलणे भाग आहे, कारण या मुद्द्यावर बेळगाव जिल्ह्यातील मतदाराच्या हातात इतर कोठल्याही मतदारापेक्षा अधिक ताकद आहे आणि तो ती क्वचितच वापरतो.

गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांचे हाल सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात. चढावर गुडघे टेकणारे बैल, खांद्यावर जुवाने पडलेल्या जखमा, वजनकाट्यासमोर रात्रभर जुंपलेल्या जोड्या. यासाठी १९६५ चे केंद्रीय नियम आहेत. कामाचे तास दिवसाला नऊपेक्षा जास्त नसावेत, सलग पाच तासांनंतर विश्रांती द्यावी, आणि तापमान ३७ अंशांवर जाते अशा भागात दुपारी बारा ते तीन या वेळेत जनावर जुंपू नये, असे ते सांगतात. बैलाचे वजन आणि चाकाचा प्रकार पाहून बोजाची कमाल मर्यादाही त्यांत दिली आहे आणि दोन चाकी गाडीसाठी ती मोठ्या बैलांनाही १,८०० किलोपलीकडे जाऊ देत नाही.

आता दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. पहिली अशी की कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक गाडीचे वजन काट्यावर होते आणि नोंदवले जाते, म्हणजे मर्यादेचे उल्लंघन किलोमध्ये लिहिलेले असते आणि ते शोधायला पोलिसाची गरज नाही. दुसरी अशी की या जिल्ह्यात विधानसभेला उभे राहणाऱ्यांपैकी अनेकांचा साखर कारखान्याशी अध्यक्ष, संचालक किंवा मालक म्हणून संबंध असतो. अशा उमेदवाराला नवा कायदा करण्याचीही गरज नाही, निवडून येण्याचीही नाही. जास्त वजनाची बैलगाडी काट्यावर घ्यायची नाही, अंगणात पाण्याचे हौद ठेवायचे, हंगामभर एक पशुवैद्य नेमायचा, रांग टोकन पद्धतीने लावून बैल सोडून ठेवू द्यायचे, हे संचालक मंडळाच्या एका बैठकीत ठरू शकते. ‘आमदार झाल्यावर पाहू’ असे तो म्हणाला, तर ‘अध्यक्ष आहात, आत्ताच पाहा’ असे सांगण्याचा हक्क ऊस घालणाऱ्या सभासदाला आहे. मात्र हा बोजा गाडीवानाच्या अंगावर ढकलून चालणार नाही. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाने उचल घेतलेली असते आणि प्रत्येक टनावर त्यांची मजुरी ठरते. खेपा वाढल्या, तर त्यांच्या वाहतूक दराचे काय, हाही प्रश्न त्याच बैठकीत यायला हवा, नाहीतर नियम कागदावर राहतो आणि बैलाच्या खांद्यावरची जखम तशीच राहते.

यात्रा आणि शर्यतीचा विषय टाळणे, किंवा भांडणाने काढणे

गावच्या यात्रेत खाली (रिकामा) गाडा ओढण्याच्या शर्यती होतात, पाडव्याला गवळी बांधव म्हशी सजवून पळवतात, कोठे टगरांच्या (एडक्यांच्या) टकरी लागतात. या सर्वांच्या बक्षिसांच्या फलकावर निवडणुकीच्या वर्षी उमेदवारांची छायाचित्रे दिसतात. प्राणीप्रेमी मतदार एकतर ‘आपले लोक नाराज होतील’ म्हणून विषय काढत नाही, किंवा सगळ्याच परंपरेला रानटी ठरवून काढतो. पहिल्या वागण्याने काही साध्य होत नाही आणि दुसऱ्याने उमेदवाराला गर्दीच्या बाजूने उभे राहण्याची आयती सोय मिळते.

कायद्याने काय परवानगीत येते आणि काय नाही, एवढे स्पष्ट ठेवले तर भांडण अर्धे कमी होते. कर्नाटकाच्या दुरुस्तीने सूट दिली आहे ती कंबळ (चिखलातील रेड्यांची शर्यत) आणि बैलांच्या किंवा बैलगाडीच्या शर्यतीला, तीही अनावश्यक वेदना न देण्याच्या अटीवर. एका बाजूला घोडा आणि दुसऱ्या बाजूला बैल जुंपून पळवण्याच्या शर्यतीचे नाव त्यात नाही. जनावरांना एकमेकांवर सोडून टकरी लावणे मूळ कायद्याप्रमाणे आजही गुन्हाच आहे. देवळात किंवा देवळाच्या आवारात पशुबळी देण्यास राज्यात १९५९ च्या कायद्याने मनाई आहे. तेव्हा उमेदवाराला ‘शर्यत हवी की नको’ असे न विचारता, ‘आपण बक्षीस देता त्या शर्यतीत पराणीला खिळा लावायला, शेपूट पिरगळायला आणि दारू पाजायला बंदी असेल का, मैदानावर पशुवैद्य असेल का, आणि अट मोडणाऱ्या जोडीचे बक्षीस आपण अडवाल का’ असे विचारावे. बक्षीस त्याच्या खिशातून जाते, म्हणून अट घालण्याची ताकदही त्याच्याकडे आहे. शिवाय खिल्लार जोडी पोटच्या पोरासारखी सांभाळणारे पुष्कळ शर्यतवाले या अटींच्या बाजूचे निघतात, असे दिसून येईल.

कुत्र्यांचा प्रश्न आमदारापाशी संपवणे

भटक्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण आणि लसीकरण ही २०२३ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. बेळगाव शहरात म्हणजे अठ्ठावन्न प्रभागांच्या महापालिकेची, निपाणी-खानापुरात नगरपालिका व नगर पंचायतीची आणि खेड्यात ग्राम पंचायतीची. ‘कुत्री उचलून लांब सोडतो’ हे आश्वासन त्या नियमांत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, इस्पितळे, बसस्थानके अशा आवारांतील कुत्री निवाऱ्यात हलवण्याचा आदेश दिला, पण त्यासाठी निवारा असावा लागतो. आमदाराला विचारायचे ते निवाऱ्यासाठी निधी आणि शस्त्रक्रियेसाठी पशुवैद्य याविषयी. आमदाराच्या स्थानिक विकास निधीचे वर्षाला दोन कोटी असतात. गल्लीतील प्रश्नासाठी नगरसेवक किंवा पीडीओ (ग्राम पंचायतीचे विकास अधिकारी) यांच्याकडे जावे. जिल्हा आणि तालुका पंचायतींच्या निवडणुका २०२१ पासून रखडल्यामुळे खेड्यातील मतदाराचा मधला दरवाजाच बंद झाला आहे, हे मात्र आमदारकीच्या उमेदवाराला जरूर ऐकवावे.

खानापूरचे जंगल आणि मतांचा हिशेब

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झाले. सुमारे १९० चौरस किलोमीटरचा हा पट्टा खानापूर तालुक्यात येतो आणि बारापेडेच्या गुहांतील दुर्मीळ वटवाघळांसाठी तो ओळखला जातो. त्याच्या आत आणि काठावर माणसे राहतात, त्यांच्या भाताला गवे आणि हत्ती लागतात, अस्वलाच्या हल्ल्यात माणूस जखमी होतो. येथे प्राण्यांच्या बाजूने बोलणारा शहरी मतदार आणि पीक गमावलेला गावकरी एकमेकांसमोर उभे केले जातात, आणि उमेदवार दोघांना वेगवेगळ्या सभांत वेगवेगळी आश्वासने देऊन मोकळा होतो. हे टाळण्याचा उपाय एकच: दोघांनी मिळून एकच प्रश्नपत्रिका करावी. पीक-नुकसानीचा पंचनामा किती दिवसांत होतो, पुनर्वसन मान्य करणाऱ्या कुटुंबाला पैसे हप्त्यांनी मिळतात की एकदम, वीजतारांमध्ये प्रवाह सोडून होणाऱ्या शिकारीवर हेस्कॉम ही वीज कंपनी आणि वनखाते मिळून काय करतात, हे प्रश्न दोघांच्याही हिताचे आहेत.

जाहीरनामा न वाचणे

पक्षांचे जाहीरनामे येथे मुख्यतः कन्नडमध्ये निघतात आणि मराठी मतदार त्यांचा सारांश सभेतील भाषणावरून ठरवतो. जनावरांविषयीची कलमे बहुधा शेती आणि दुग्धव्यवसायाच्या पानांत दडलेली असतात आणि त्यांत केएमएफला (राज्याच्या सहकारी दूध महासंघाला) दूध घालणाऱ्यांचे प्रोत्साहनधन, चारा, विमा असेच विषय असतात. ती दोन-तीन पाने कन्नड वाचणाऱ्या शेजाऱ्याकडून समजून घ्यावीत. पूर्वी आमदार असलेल्या उमेदवाराने सभागृहात जनावरांविषयी काही विचारले होते का, हे विधानसभेच्या कामकाजाच्या नोंदींत पाहता येते. उमेदवाराचे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असते. त्यात गुन्ह्यांची माहिती द्यावी लागते, म्हणून गोवाहतुकीवरून झालेली मारहाण किंवा शिकारीचा गुन्हा असल्यास तो तेथे दिसतो.

प्रत्यक्ष मतदानातील अडथळे

इतके सगळे करून मतदार यादीत नावच नसेल, तर काय उपयोग? नवे नाव घालण्यासाठी अर्ज क्रमांक सहा, पत्ता किंवा तपशील बदलण्यासाठी अर्ज क्रमांक आठ भरावा. अठरा वर्षे पूर्ण झाल्याचा हिशेब आता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चारही महिन्यांच्या पहिल्या तारखेला धरला जातो. शंका असल्यास १९५० या क्रमांकावर विचारता येते. सीमाभागात एक नाव इकडे आणि एक नाव चंदगड किंवा कोल्हापूरकडे ठेवण्याची सवय काही घरांत आहे. दोन ठिकाणी नाव ठेवणे कायद्याला मान्य नाही आणि खोटे निवेदन करून ते ठेवल्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. एक नाव वेळीच कमी करून घ्यावे.

कोणीच जनावरांविषयी समाधानकारक बोलत नाही म्हणून ‘नोटा’चे बटण दाबण्याचा विचार काहींच्या मनात येतो. २०१३ पासून हा पर्याय आहे, पण ‘नोटा’ला कितीही मते पडली, तरी उमेदवारांत ज्याला जास्त मते तोच निवडून येतो. शिवाय ते मत जनावरांसाठी होते हे यंत्राला कळत नाही. त्यापेक्षा दोन उमेदवारांपैकी ज्याने लेखी उत्तर दिले त्याला मत देऊन, तसे त्याला कळवणे अधिक उपयोगाचे आहे.

प्रचारात जनावरे वापरू नयेत, असे निवडणूक आयोगाचे पक्षांना सांगणे आहे. प्राण्यांची चिन्हे घेतलेले उमेदवार ती जनावरे मिरवणुकीत फिरवून हाल करू लागल्यामुळे आयोगाने १९९० च्या दशकापासून नवी प्राणिचिन्हे देणेही बंद केले. हत्ती आणि शेजारच्या गोव्यात मगो पक्षाचा सिंह अशी जुनी चिन्हेच काय ती उरली. मिरवणुकीत रंगवलेला बैल, गर्दीत घाबरलेला घोडा किंवा फटाक्यांच्या माळेशेजारी उभा केलेला उंट दिसला, तर आयोगाच्या सी-व्हिजिल अॅपवरून छायाचित्रासह तक्रार करावी. तक्रार आपल्या आवडत्या उमेदवाराच्या मिरवणुकीविरुद्धही करावी लागेल, आणि तिथे बहुतेकांची पावले अडखळतात.

निकालानंतर

निवडून आलेल्या आमदाराने लेखी दिलेले उत्तर जपून ठेवावे. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुतेक वर्षी डिसेंबरच्या सुमारास हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये भरते, म्हणजे सरकार दहा-बारा दिवसांसाठी आपल्या दारात येते. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी निवेदन घेऊन गेलेल्या माणसाला पोलिसांच्या कठड्यापर्यंतच जाता येते, शिवाय सभागृहात प्रश्न मांडायला आमदाराला आधी लेखी सूचना द्यावी लागते. म्हणून दिवाळी संपताच त्याच्या घरी जाऊन, दवाखान्यातील रिकाम्या जागांचा आकडा, छावणीच्या जागेचा सर्व्हे नंबर आणि दंडाच्या दुरुस्तीची मागणी असे तीन मुद्दे एका कागदावर कन्नड आणि मराठीत लिहून द्यावेत आणि पोच घ्यावी.